गेल्या हिवाळ्याची पानं

डिसेंबर लागला की आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाच्या सुमाराला धुराचा वास येतो, ओली पानं अर्धवट जळताना येतो तसा, घशात जाऊन बसणारा. गल्ली झाडणाऱ्या मावशी रात्रभर पडलेला पाला कोपऱ्यात ढकलतात आणि त्याला काडी लावतात. मी चार वर्षांपूर्वी एकदा तावातावाने खाली गेले होते, स्वेटर उलटा घालून, केस तसेच, आणि त्यांना सुनावणार होते की हे बेकायदेशीर आहे, २०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलंय की कचरा उघड्यावर जाळायचा नाही, शिवाय ते सोनं आहे सोनं, तुम्ही सोनं जाळताय. यातलं निम्मं बोललेही. मावशींनी हात त्या धुरावर धरलेले होते. त्या म्हणाल्या, "ताई, थंडी बघा की काय पडलीय. झाडू धरून बोटं वळत नाहीत माझी."

आता यावर काय बोलणार. नियम पाठ असून काही उपयोग नाही, समोरच्याची बोटं वळत नसतील तर.

मग तिथेच उभ्या उभ्या आमचा करार झाला, जो अजून चालू आहे. काटक्या, फांद्या, नारळाच्या झावळ्यांचे दांडे हे सगळं त्यांच्या शेकोटीला, आणि पानं पोत्यात भरून माझ्या गेटपाशी. काटक्या तशाही माझ्या कामाच्या नसतात, त्या कुजायला दोन-तीन वर्षं घेतात आणि कंपोस्टच्या ढिगात पाला उलटायचा काटा घातला की अडकतात. महिन्याला थोडे पैसे आणि गेटवर चहा, दोन्ही ठरलेलं. "तुमचा कचरा तुम्हाला, आमची शेकोटी आम्हाला," असं त्यांनी स्वतःच त्याचं नाव ठेवलं. काटक्या काही धूर न होता जळत नाहीत, हे मला कळतं. पण दहा पोती पाल्याच्या धुरापेक्षा तो पुष्कळ बरा.

एवढी पानं मला कशाला लागतात ते सांगायचं तर आधी आमच्या मागच्या अंगणाची लाज सांगायला लागेल. कोथरूडच्या मागे टेकडीच्या पायथ्याशी जुनी रो हाऊसेस आहेत, त्यातलं एक आमचं. मागे बारा बाय अठरा फुटांची जागा. घर घेताना एजंटने तिला "गार्डन" म्हटलं होतं. पहिल्यांदा कुदळ मारली तेव्हा ठिणगी उडाली, खरंच उडाली. चार बोटं मातीखाली विटांचे तुकडे, प्लास्टरचे पोपडे, टाईलचे कोपरे, एक अख्खा तुटका नळ, आणि त्याखाली मुरूम. बांधकामाचा सगळा राडारोडा बिल्डरने तिथेच पसरून वर एक ट्रॉली माती ओढलेली, मेकअप करावा तशी.

मी काय केलं? सगळे करतात तेच. नर्सरीतून "लाल माती" आणली, वीस पोती, चांगले पैसे मोजून. कुंडीत घातली की छान दिसते, लालबुंद, कोकणात गेल्यासारखं वाटतं. दोन पावसाळे गेले आणि तिची अशी वीट झाली की पाणी घातलं तर ते वरच्यावर तळं करून उभं राहायचं आणि मग कडेने निघून जायचं. मग कुणीतरी सांगितलं वाळू मिसळा म्हणून वाळू मिसळली. चिकण मातीत थोडी वाळू मिसळणं म्हणजे सिमेंटला साथ देणं, हे मला नंतर कळलं, ती आणखीनच घट्ट बसली.

शेवटी शहाणपण सुचून माती तपासायला दिली. नमुना घ्यायची रीत मला फार आवडली, कारण त्यात एक प्रकारचा न्याय आहे. एकाच ठिकाणची माती उचलायची नाही. सहा-सात जागी इंग्रजी व्ही सारखा खड्डा करायचा, वीतभर खोल, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यायची, सगळी एका घमेल्यात मिसळायची, खडे वेचायचे, मग कागदावर भाकरीसारखी पसरून तिचे चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेलं परत मिसळून परत चार भाग, परत दोन बाद. असं करत अर्धा किलो उरलं की ते सावलीत वाळवून पिशवीत भरायचं. खताच्या रिकाम्या गोणीत भरायचं नाही, नाहीतर अहवाल गोणीचा येतो.

अहवाल आला. सामू, म्हणजे पीएच, ८.२, म्हणजे विम्लच, आंबटाच्या उलट. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेला कार्बन, ०.४ टक्के. आपल्याकडे अर्ध्या टक्क्याच्या खाली "कमी" धरतात आणि पाऊण टक्क्याच्या वर "भरपूर". म्हणजे माझी माती मार्कशीट लपवणाऱ्या मुलासारखी होती. मुक्त चुना जास्त असंही लिहिलेलं. ते तर मी घरीच बघितलं होतं, मातीच्या ढेकळावर लिंबू पिळलं की फसफस आवाज येतो आणि बुडबुडे दिसतात. एकदा भाचा आला होता त्याला दाखवलं तर त्याने घरातली सगळी लिंबं संपवली.

या चुन्यामुळेच मोगरा आणि जास्वंद यांची नवी पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत लोह नसतं असं नाही, आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातून झालेल्या मातीत लोह पडलेलंच असतं, पण चुन्यापुढे ते झाडाला मिळत नाही. पैसे बँकेत आहेत पण केवायसी अडकलंय, अशी अवस्था.

तर मग मी यूट्यूबला शरण गेले. आणि तिथे मला भेटले ते गोरे आजोबा. सगळ्यांचे कोट सारखेच, बुटांना चिखल, मागे कुत्रा. हिवाळ्यात माती कशी सुधारावी यावर त्यांचे तासातासाचे व्हिडिओ. ऑक्टोबरात भाजी संपली की वाफ्यावर पुठ्ठे अंथरा, वर शेणखत, वर पानं, आणि मार्चपर्यंत त्याकडे बघू नका, बर्फ आणि गांडुळं बाकीचं बघतील. आणि हो, थोडा चुना टाका, शेकोटीची राख टाका. मला इतकं शांत वाटायचं ते बघताना, मी एक-दोनदा झोपलेय पण.

पण सकाळी उठून अंगणात गेलं की प्रश्न पडायचा. मार्चपर्यंत बघू नका म्हणजे? हिवाळा हाच तर आपला भाजीचा सीझन! मेथी, पालक, मुळा, गाजर, फ्लॉवर, वाटाणा, टोमॅटो, सगळं याच तीन-चार महिन्यांत. त्यांची जमीन बर्फाखाली झोपते तेव्हा आपली सगळ्यात जास्त कामावर असते. आपल्या मातीची सुट्टी वैशाखात. आणि चुना? माझ्या अंगणात चुना टाकणं म्हणजे डायबेटिसवाल्याला बासुंदी. त्यांच्याकडे सतत पाऊस पडून माती आंबट होते म्हणून ते चुना टाकतात. आपल्या कोकणातल्या जांभ्या मातीला थोडी राख मानवते, रत्नागिरीची माझी मैत्रीण चुलीची राख बिनधास्त टाकते आणि तिची मिरची बघून मला हेवा वाटतो, पण तिचं ऐकून मी टाकली असती तर उरलासुरला मोगरा पण गेला असता.

गंमत म्हणजे या आजोबांच्या कंपोस्टचा एक धागा आपल्याकडूनच गेलाय. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे साहेब १९०५ मध्ये हिंदुस्थानात आले, इथल्या शेतकऱ्यांना शिकवायला, आणि पुढे १९२४ पासून इंदूरच्या संस्थेत बसून त्यांनी इथल्याच काडीकचरा-शेणाच्या ढिगाचं शास्त्र मांडलं, त्याला जगभर इंदूर पद्धत म्हणतात. म्हणजे माळव्यातून निघालेलं ज्ञान इंग्लंडला जाऊन, कोट घालून, यूट्यूबवरून माझ्याकडे कोथरूडला आलं. फक्त येताना हवामान तिकडचं घेऊन आलं.

हे सगळं मी आमच्या अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, लातूर जिल्ह्यातले, औशाकडचे. आई गेल्यावर ते हिवाळ्यात आमच्याकडे येऊन राहतात, गावाकडची थंडी त्यांच्या गुडघ्याला सोसत नाही म्हणून. त्यांनी मला त्या लाल मातीत पानं खुपसताना बघितलं आणि विचारलं, "काय करायलीस माय हे?"

म्हटलं, माती सुधारतेय.

"बरं," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले. त्यांचं हे "बरं" मी लहानपणापासून ओळखते. त्याचा अर्थ तोंडावर पडलीस की हाक मार.

आणि मी पडलेच. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरात जमा केलेली सगळी कोरडी पानं हाताने चुरून थेट वाफ्यात मिसळली, वर गोठ्यातून आणलेलं ओलं शेण, आणि आठवड्याने मेथी पेरली. मेथी उगवली झकास. पंधरा दिवसांनी खालून पिवळी पडायला लागली. नवी पानं नाही, जुनी, खालची. म्हणजे हे लोहाचं प्रकरण नव्हतं, नत्राचं होतं. कोरड्या पाल्यात कर्ब भरमसाट आणि नत्र अगदी थोडं असतं, तो कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःला नत्र लागतं, ते ते मातीतनं ओढून घेतात आणि मेथी ताटावर बसून उपाशी राहते. जिवाणूंचं जेवण झालं, ते मेले, की ते नत्र परत मिळतं, पण त्याला महिने जातात. मेथीचं आयुष्यच महिन्याचं.

वर आणखी शेणातून अळ्या निघाल्या. पांढऱ्या, गुबगुबीत, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या. मला वाटलं ही मुळं खाणारी हुमणी, मी किंचाळले, हुमणी हुमणी करत सगळा वाफा उपसला. अण्णा काठी टेकत आले, त्यातली एक उचलून फरशीवर ठेवली आणि म्हणाले बघ जरा. ती अळी उताणी झाली आणि पाठीवरून चालायला लागली, पाय आभाळाकडे, सरसर सरसर, लाटेसारखी. "ही हुमणी न्हाय. हुमणी अशी उताणी चालत न्हाय. ही नुसता कुजका माल खाती, हिला राहू दे." मी तोपर्यंत चाळीसेक अळ्या साबणाच्या पाण्यात बुडवून मारल्या होत्या. फुकट काम करणारी माणसं हाकलून दिली म्हणा ना.

त्या संध्याकाळी मात्र ते बोलले, खूप दिवसांनी सलग बोलले. त्यांच्या लहानपणी दिवाळी झाली की धनगर मेंढरं घेऊन यायचे आणि रानात मेंढ्या बसवायच्या. आज या तुकड्यात, उद्या पलीकडच्या, वाघूर सरकवत सरकवत. वाघूर म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं. रात्रभर लेंड्या-मूत सगळं जागच्या जागी, वाहतुकीचा खर्च शून्य, आणि त्या बदल्यात धनगराला धान्य. सकाळी त्या तुकड्यात पाय टाकला की ऊब लागायची म्हणे. आणि घरामागचा उकिरडा. वर्षभराचा केर, शेण, राख, गोठ्यातला उरलेला कडबा त्यात पडत राहायचा आणि उन्हाळ्यात नांगरट झाली की बैलगाडीने रानात. "आज टाकलं आन् उद्या पेरलं असं कधी नव्हतं बघ. उकिरडा येक साल मागं असतो. बारा वर्षांनी उकिरड्याचे पांग फिटतेत म्हणतेत, तुला आठ दिवसांत फेडायचे होते."

येक साल मागं. मला ते वाक्य तेव्हा टोमणा वाटलं होतं. त्यावरच आता माझं सगळं अंगण चालतं.

म्हणजे असं. हिवाळ्यात मी माती सुधारत नाही, हिवाळ्यात मी भाजी खाते आणि पानं जमवते. या हिवाळ्याची पानं पुढल्या हिवाळ्याच्या मेथीसाठी. आणि आत्ता वाफ्यात जी मेथी आहे ती गेल्या हिवाळ्याची पानं खातेय. कुणी विचारलं तुझी भाजी किती दिवसांत तयार होते, तर मी म्हणते एक वर्ष एक महिना.

पानं ठेवायला जागा म्हणून कोंबड्यांची जाळी आणली, चार कोपऱ्यांत चार पहारीएवढे लोखंडी गज ठोकले, चार बाय चार फुटांचा पिंजरा, उंची पण चारच. तो एकदा भरला की आपण खूप काम केलं असं वाटतं आणि दोन आठवड्यांनी बघावं तर अर्धा. परत भरायचा, परत खाली. नोव्हेंबर ते मार्च जवळजवळ चाळीस पोती पाला त्याच्या पोटात जातो आणि दसऱ्याला खालून हातात येतं ते सात-आठ घमेली. घरातल्या सगळ्यांना हा तोट्याचा धंदा वाटतो.

कुठलं पान कधी येतं हे आता मला पंचांगासारखं पाठ आहे. बदाम आधी, डिसेंबर-जानेवारीत, लाल-शेंदरी होऊन, बघायला देखणा पण चामड्यासारखा, फाडल्याशिवाय कुजत नाही. मग शेवरी-पांगारा उघडे पडतात. गुलमोहर, सोनमोहर यांची बारीक पानं म्हणजे इन्स्टंट, चार-पाच महिन्यांत त्यांचा पत्ता लागत नाही. शिशिर सरता सरता पिंपळ, आणि मग तो पर्जन्यवृक्ष, ज्याला सगळे रेन ट्रीच म्हणतात, तो तर फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्खा रस्ता भरून टाकतो. आंब्याचं पान दीड वर्ष हटत नाही. निलगिरी मी घेत नाही. घेतलं तर फार काही होणार नाही कदाचित, पण मला तो वास खोकल्याच्या औषधाची आठवण करून देतो.

पाल्याचे तीन थर आणि शेणाचा किंवा किचनच्या ओल्या कचऱ्याचा एक, असं आपलं ढोबळ. मोजमाप करत नाही. एकच गोष्ट मी डोळ्यात तेल घालून बघते, ती म्हणजे ओल. पुण्याचा हिवाळा कोरडा ठक्क असतो, ओठ फुटतात, टाचा फुटतात, तसा ढीगही आतून वाळतो, आणि वाळला की सगळं थांबतं आणि वाळवी येते. मी आत कोपरापर्यंत हात घालते, मूठभर पाला काढते, करकचून पिळते. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर जास्त, हात नुसता दमट झाला तर पाइप लावायचा.

आणि या कामाचं बक्षीस जानेवारीत मिळतं. ताजा ढीग लावून चार-पाच दिवस झालेले असतात, बाहेर नऊ-दहा डिग्री, नाकाचा शेंडा गार, आणि वरचा पाला काट्याने बाजूला केला की इडलीपात्राचं झाकण उघडावं तशी वाफ येते. आत हात धरवत नाही. मध्यभागी पन्नास-साठ डिग्री होतं, हे वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि पहाटे पायजम्यात उभं राहून स्वतःच्या कचऱ्याची वाफ तोंडावर घेणं वेगळं. एकदा मावशींना बोलावून दाखवलं. त्यांनी हात धरले त्यावर, थोडा वेळ शेकले. म्हणाल्या, "धुराबिगर शेकोटी." मग म्हणाल्या, "पण लई नाजूक हाय, आमची बरी."

सोसायटीत अर्थातच बोंब झाली. पहिल्या वर्षी ग्रूपवर मेसेज, साप येतील, डास होतील, वास येतो. साप म्हणजे आमच्याकडे टेकडी असल्याने धामण पावसाळ्यात तशीही फिरते, तिला माझ्या पिंजऱ्याची गरज नाही. वासाबद्दल मात्र ते बरोबर होते. मी पहिल्यांदा किचनचा कचरा जास्त आणि पाला कमी घातला होता आणि अंड्यासारखी घाण सुटली होती. मी मीटिंगमध्ये ते कबूल केलं, तेवढ्यानेच निम्मे लोक गार झाले. आता त्याच समोरच्या काकूंच्या कुंड्यांना माझं खत जातं आणि त्या "आमचं कंपोस्ट" असं पाहुण्यांना सांगतात. पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा एक उपक्रम आहे, ज्याच्याकडे पाला जास्त झालाय आणि ज्याला पाला हवाय अशा दोघांची गाठ घालून देणारा, त्यांचं ऐकल्यापासून मला निदान एवढा धीर आला की या गावात पोती मागत फिरणारी मी एकटीच वेडी नाही.

मधे एक वर्ष मी जीवामृतही करून बघितलं. मूळ कृती एकराची, दहा किलो शेण, तेवढंच लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी. मी तिला वीसने भागलं. अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, दहा लिटरची बादली. नवरा म्हणाला त्या बेसनाचं पिठलं झालं असतं. आता खरं सांगायचं तर मला त्याने चमत्कार वगैरे काही दिसला नाही, गांडुळं जरा वर आली असं वाटलं, पण मला तसं वाटावं अशी माझी इच्छाच होती, त्यामुळे माझी साक्ष धरू नका. ज्यांच्या शेतात गाय आहे त्यांनी जरूर करावं. गोमूत्राची बाटली स्कूटीच्या डिकीत घालून आणणाऱ्याने थोडा विचार करावा, विशेषतः झाकण नीट बसतं का याचा.

त्यापेक्षा मला हरभरा पटला. अण्णांच्या हट्टाने एका कोपऱ्यात लावला, गावाकडचं देशी बियाणं, ऑक्टोबरअखेर. एक रोप त्यांनी मुद्दाम हलक्या हाताने माती सोडवून उपटलं आणि मुळं पाण्यात धुतली. मुळांना बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी, काही एकाला एक चिकटून आल्यासारख्या. मी एक नखाने फोडली. आत गुलाबी, चांगली रक्तासारखी गुलाबी. तो रंग असला तर गाठ कामावर आहे, हवेतलं नत्र पकडतेय, आत पांढरं किंवा हिरवट निघालं तर ती नुसती बसून आहे. मेथीच्या, वाटाण्याच्या मुळांनाही अशाच गाठी असतात, आणि मी इतकी वर्षं मेथी मुळासकट उपटून, मुळं कापून, ती डस्टबिनमध्ये टाकत होते. आता कात्रीने कापते, मुळं तिथेच.

हरभऱ्यावर थंडीत आंब धरते, पानांवरच्या लवेतून आंबट थेंब येतात, दवाबरोबर मिसळतात. अण्णांनी आजीची जुनी रीत करून दाखवली. पहाटे एक स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं त्या रोपांवरून हलकेच फिरवायचं, ते ओलं झालं की वाटीत पिळायचं. आमच्या दहा रोपांतून निघाली ती चमचाभर. आजी पोट दुखलं की द्यायची. मी जिभेला लावली, डोळा मिटला आपोआप. तेवढ्या कोपऱ्यात एवढं आंबट, आणि खालची माती विम्ल. आता या दोघांचं काही जमतं का ते मला माहीत नाही, पण मला गंमत वाटली.

येळवस असते ना, वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली, लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव, भज्जी, उंडे, खीर, आणि मडक्यातली ज्वारीची आंबील. आणि ती आंबील रानात शिंपडत फिरायचं. लहानपणी मला वाटायचं हे देवाला. गेल्या वर्षी गुडघ्यामुळे अण्णांना जाता आलं नाही म्हणून मी आंबील केली, घरीच, मिक्सरवर, आणि ते हट्टाने मागे गेले, खुर्चीत बसले आणि पळीने वाफ्यात शिंपडायला लागले. ताक, ज्वारीचं पीठ, आंबलेलं. आंबवलेलं बरंचसं जिवंत असतं. मी म्हटलं अण्णा हे तर तुमचं जीवामृतच झालं. ते म्हणाले, "आगं, सणाला तरी शाळा घिऊ नको."

चार वर्षांनी परत माती तपासायला दिली. त्याच रीतीने, चार भाग करत. सामू ८.२ चा ८.० झाला, म्हणजे जवळजवळ तिथेच, चुना काही पाल्याने जात नाही, तो माझ्यानंतरही राहील. सेंद्रिय कर्ब मात्र ०.४ चा ०.७. मी तो कागद फ्रिजवर लावलाय, मुलाच्या दहावीच्या मार्कशीटच्या शेजारी, त्यावरून घरात थोडं वातावरण झालं. पण आकड्यापेक्षा मला कळतं ते पाइपने. पूर्वी पाणी तळं करून उभं राहायचं. आता मी पाइप धरते आणि पाणी दिसेनासं होतं, मागे फक्त काळा ओला डाग. आणि आच्छादनाखालची माती मे महिन्यातही भेगाळत नाही. विटांचे तुकडे अजून निघतात. गेल्या महिन्यात टाईलचा एक निळा तुकडा निघाला, बरा होता, पुसून कुंडीखाली लावला.

आज रविवार. गेटवर तीन पोती आहेत. एकात नुसता बदाम, तो फाडायला लागेल, टीव्हीसमोर बसून फाडते मी तो, मालिका बघताना शेंगा सोलाव्यात तसा. दुसऱ्यात गुलमोहर, चांगला. तिसरं पोतं पलीकडच्या गल्लीतलं दिसतंय, त्यात पाल्यापेक्षा गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्यांचे कोपरे जास्त, दुधाच्या पिशवीचा तो कापलेला छोटा कोपरा माझा जन्माचा वैरी आहे, तो काही केल्या शेवटपर्यंत संपत नाही. अण्णा सकाळपासून उन्हात खुर्ची टाकून तेच पोतं निवडत बसलेत, मफलर कानावर, पानं एका घमेल्यात, प्लास्टिक दुसऱ्यात. मगाशी त्यांना त्यात दहाचं नाणं सापडलं. ते त्यांनी मांडीवरच्या पेपरखाली सरकवलं आणि माझं लक्ष नाही असं बघून परत निवडायला लागले.